भिंतीत पाणी आले कुठून?

अमेरिकेच्या उत्तर भागातले रंगारी १९३०च्या दशकात एका प्रकाराने हैराण झाले होते. लाकडी घरांना बाहेरून दिलेला रंग फुगायचा, त्याचे पोपडे निघायचे. थंडी अडवण्यासाठी ज्या घरांच्या पोकळ भिंतींत खनिज लोकर किंवा तत्सम काही भरले होते, तिथे हा त्रास ठळकपणे दिसे. ही भरणच पाणी ओढते, असे रंगाऱ्यांचे मत झाले. अशी घरे रंगवायला काहींनी चक्क नकार दिला.

त्यांचे निरीक्षण खरे होते, कारण वेगळे होते.

पाणी घरातूनच येत होते. स्वयंपाक, आंघोळ, धुणे आणि माणसांचे श्वास यांनी खोलीतली हवा दमट होते. २१ अंश तापमानाची, ५० टक्के आर्द्रतेची हवा सुमारे १० अंशांपेक्षा गार पृष्ठभागाला लागली, की तिथे दव धरते. जुन्या पोकळ भिंतीतून घरातली ऊब बाहेर झिरपायची. तिच्यामुळे बाहेरच्या फळ्या थोड्या उबदार राहायच्या आणि फटींतल्या वाऱ्याने वाळायच्या. भरण घातल्यावर ऊब आतच अडली आणि फळ्या गारठल्या. आतून आलेले बाष्प त्यांच्यावर गोठू लागले. बर्फ वितळला की लाकूड भिजे आणि रंग सुटे.

मॅडिसनच्या वनोपज प्रयोगशाळेत एल. व्ही. टीसडेल आणि मिनेसोटा विद्यापीठात फ्रँक राउली यांनी या कोड्याचा अभ्यास केला. भिंतीतून उष्णता जाते तसेच बाष्पही जाते आणि त्याचा हिशेब मांडता येतो, हे राउलींनी दाखवले. त्यातून उपाय निघाला : भिंतीच्या उबदार, म्हणजे खोलीच्या बाजूला डांबरी कागदासारखा बाष्परोधक थर लावायचा. पुढे या कागदाची जागा प्लास्टिकने घेतली.

पण हा थर एकटा पुरेसा नव्हता. कॅनडात रेजायना इथे १९७७ मध्ये ऊर्जाबचतीसाठी एक प्रायोगिक घर उभे राहिले. त्याच्या बांधणीत हवेच्या फटी बुजवण्यावर भर होता. भिंतीच्या साहित्यातून पाझरणाऱ्या बाष्पापेक्षा फटींतून शिरणारी दमट हवा कितीतरी जास्त पाणी आणते, हे पुढे बांधकामाच्या जाणकारांनी मान्य केले.

शिवाय बाष्परोधक थर खोलीच्या बाजूला लावण्याचा थंड प्रदेशातला नियम उष्ण, दमट मुलुखात उलटा पडला. फ्लोरिडात दमट हवा बाहेर असते आणि एसीमुळे गारवा आत. तिथे भिंतीवरच्या व्हायनिल कागदामागे बाष्प अडकले आणि बुरशी माजली. भिंत ओली होणारच, तिला वाळायला वाट हवी, हे आता पटू लागले. जर्मनीत हार्टविग क्युन्झेल यांनी १९९०च्या दशकात पॉलिअमाइडचा पडदा विकसित केला. तो कोरड्या हवेत बाष्प अडवतो आणि दमटपणा वाढला की जाऊ देतो. अमेरिकेच्या निवासी बांधकाम-संहितेतही आज बाष्परोधकांचे ३ वर्ग आहेत; कुठे कोणता लावायचा, ते हवामानावर ठरते.

मुंबईत किंवा कोकणात एसीच्या खोलीला आतून प्लास्टिकचे आवरण चढवण्याआधी घरमालकाने कंत्राटदाराला एक प्रश्न जरूर विचारावा : पावसाळ्यात ही भिंत कोणत्या बाजूने वाळणार?