पॅलेट फ्लो रॅक

पॅलेट फ्लो रॅक हा गोदामात पॅलेटवर रचलेला माल साठवण्याच्या पोलादी मांडणीचा एक प्रकार आहे. त्याच्या प्रत्येक मजल्यावर किंचित उतरत्या मार्गिका असतात व त्या मार्गिकांवर रोलर बसवलेले असतात. उंच बाजूने ठेवलेले पॅलेट स्वतःच्या वजनाने सखल बाजूकडे सरकते आणि तेथून उचलले जाते. पॅलेट पुढे नेण्यास मोटर, वीज किंवा मनुष्यबळ लागत नाही. म्हणून या प्रकारास ग्रॅव्हिटी रॅक किंवा लाइव्ह स्टोअरेज असेही म्हणतात. आधी आलेला माल आधी बाहेर पडतो, हा त्याचा मुख्य गुण होय. त्यामुळे खाद्यपदार्थ, पेये, औषधे आणि गोठवलेला माल यांच्या गोदामांत तो विशेषेकरून आढळतो.

गुरुत्वाकर्षणाचे बळ फुकट मिळते, पण ते बंद करता येत नाही. या रॅकमधील यंत्रणेचा मोठा भाग पॅलेटला आवरण्यासाठीच असतो आणि त्याचे बहुतेक दोष व धोकेही याच गोष्टीतून उद्भवतात.

== पार्श्वभूमी ==

उतारावर रोलर मांडून पेट्या व खोकी खाली सोडण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत पाश्चात्त्य कारखान्यांत रुळली होती. पेटी हलकी असते आणि अडली तर हाताने ढकलता येते. एक टन वजनाच्या भाराबाबत ते शक्य नसते. त्यामुळे हे तत्त्व मोठ्या साठवणुकीस लागू होण्यासाठी आधी फोर्कलिफ्ट आणि पॅलेट या दोन गोष्टी रूढ व्हाव्या लागल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने रसद हाताळण्यासाठी या जोडीचा मोठ्या प्रमाणावर वापर केला व युद्धानंतर ती नागरी उद्योगांत आली.

पॅलेटची मापे ठरणे ही त्यापुढची गरज होती. उतारावरील रोलर विशिष्ट रुंदीच्या व विशिष्ट तळाच्या पॅलेटसाठीच नीट चालतात. युरोपातील रेल्वे संघटनांनी १९६१ मध्ये १२०० × ८०० मिमी मापाचे सामाईक पॅलेट स्वीकारले. आयएसओ ६७८० या आंतरराष्ट्रीय मानकात पॅलेटची सहा मापे मान्य केलेली आहेत. त्यांपैकी १२०० × १००० मिमी हे माप भारतासह आशियातील अनेक देशांत प्रचलित आहे.

== रचना व कार्य ==

रॅकचा सांगाडा उभे खांब, आडव्या तुळया आणि तिरप्या आधारपट्ट्या यांचा असतो. त्यावर मार्गिका बसवतात. मार्गिकेचा उतार सामान्यतः ३ ते ४ टक्के, म्हणजे प्रत्येक मीटरमागे ३ ते ४ सेंटिमीटर असतो. डोळ्यांना तो जेमतेम जाणवतो. रोलर मार्गिकेच्या पूर्ण रुंदीचे असतात, किंवा दोन-तीन समांतर रांगांत बसवलेले आखूड रोलर वा चाके असतात. पॅलेटच्या तळाखाली कोणत्याही क्षणी किमान तीन रोलर येतील अशा बेताने दोन रोलरांमधील अंतर ठरवतात.

या मंद उतारातही भार बराच वेग घेऊ शकतो. एक टन वजनाच्या पॅलेटवर ४ टक्के उतारावर सुमारे ४० किलोग्रॅम वजनाइतके बळ उताराच्या दिशेने लागते. घर्षण मुळीच नाही असे धरल्यास १५ मीटरच्या मार्गिकेच्या टोकाशी पोहोचेपर्यंत त्याचा वेग ताशी सुमारे १२ किलोमीटर होईल. प्रत्यक्षात रोलरांचे घर्षण बराच वेग खाते, पण त्याचा भरवसा धरता येत नाही. कोरडे लाकूड व नवे रोलर यांवर घर्षण कमी असते, तर ओले लाकूड व धूळ बसलेले रोलर यांवर जास्त. म्हणून ठरावीक अंतरांवर ब्रेक रोलर बसवतात. पॅलेट वरून जाताना हा रोलर फिरू लागतो. फिरण्याचा वेग वाढला की त्याच्या आतील भाग केंद्रोत्सारी बळाने बाहेर फेकले जाऊन आवरणाच्या आतल्या पृष्ठभागावर घासतात व वेग आपोआप उतरतो. वेग जितका अधिक तितकी पकड घट्ट, त्यामुळे बाहेरून नियंत्रणाची गरज उरत नाही. पॅलेट माणसाच्या संथ चालीपेक्षाही सावकाश, सेकंदाला सुमारे ०.२ ते ०.३ मीटर वेगाने सरकावे अशी अपेक्षा असते.

सखल टोकाशी अडसर असतो व पहिले पॅलेट त्याला टेकून थांबते. मागची पॅलेट एकमेकांना टेकून उभी राहिली तर त्या सर्वांचा रेटा पहिल्यावर येतो. बारा पॅलेटच्या मार्गिकेत, घर्षण वगळल्यास, अडसरावर पावणेपाचशे ते पाचशे किलोग्रॅमइतका दाब येऊ शकतो. अशा स्थितीत फोर्कलिफ्टने पहिले पॅलेट उचलू पाहिले, तर मागचे त्याला घट्ट दाबून धरते किंवा सुटून पुढे येते. हे टाळण्यासाठी पहिल्या व दुसऱ्या पॅलेटच्या मध्ये विभाजक बसवतात. पहिले पॅलेट जागेवर आले की त्याच्याच वजनाने एक पट्टी दाबली जाते आणि दुसऱ्यासमोर आडकाठी उभी राहते. पहिले पॅलेट पूर्णपणे बाहेर काढल्यावर आडकाठी खाली जाते आणि संपूर्ण रांग एक घर पुढे सरकते. बाहेरून पाहणाऱ्यास हा विभाजक क्षुल्लक वाटतो. तथापि तो बिघडला तर पुढच्या टोकाला काम करणारा चालक थेट संपूर्ण रांगेच्या रेट्यासमोर येतो.

== जागेचे गणित ==

साध्या निवडक रॅकमध्ये प्रत्येक पॅलेटपर्यंत थेट पोहोचता येते, परंतु त्यासाठी दर दोन रांगांमागे फोर्कलिफ्टचा एक रस्ता सोडावा लागतो. पॅलेटची खोली १.२ मीटर, पाठीला पाठ लावलेल्या दोन रांगा व त्यांतील फट मिळून अडीच मीटर आणि रीच ट्रकसाठी ३ मीटरचा रस्ता असे धरले, तर गोदामाच्या लांबीपैकी सुमारे ४४ टक्के भागातच माल राहतो. बारा पॅलेट खोल फ्लो रॅकमध्ये मार्गिकेची लांबी सुमारे १५ मीटर होते. दोन्ही टोकांना प्रत्येकी ३ मीटरचा रस्ता सोडल्यावरही हे प्रमाण ६९ टक्क्यांपर्यंत जाते. भरणारी व उचलणारी वाहने वेगवेगळ्या रस्त्यांवर राहतात, त्यामुळे त्यांची एकमेकांस अडचण होत नाही. हा लाभ जागेच्या बचतीइतकाच मोलाचा आहे.

जागेच्या या बचतीतून काही वजावटी कराव्या लागतात. १५ मीटरच्या मार्गिकेत ४ टक्के उतारामुळे वरचे टोक खालच्यापेक्षा ६० सेंटिमीटर उंच असते. सर्व मजल्यांच्या मार्गिका एकमेकींस समांतर असल्याने ही उंची प्रत्येक मजल्याला नव्हे, तर संपूर्ण रॅकमागे एकदाच गमवावी लागते. मार्गिका ३० मीटरची केली तर मात्र १.२ मीटर उंची जाते, म्हणजे कमी उंचीच्या मालाचा जवळजवळ एक मजलाच.

दुसरी वजावट अधिक मोठी असून आराखडा करताना ती अनेकदा दुर्लक्षिली जाते. एका मार्गिकेत एकाच प्रकारचा माल ठेवावा लागतो, अन्यथा मागचा माल पुढच्याच्या आड अडकतो. बारा घरांच्या मार्गिकेत चारच पॅलेट असतील तर उरलेली आठ घरे रिकामी असूनही दुसऱ्या मालास देता येत नाहीत. त्यामुळे थोड्या प्रकारांचा, पण भरपूर व वेगाने खपणारा माल असलेल्या गोदामासच हा रॅक परवडतो. हजारो प्रकारांचे सुटे भाग प्रत्येकी एक-दोन पॅलेट ठेवणाऱ्या गोदामात तो जागा वाचवण्याऐवजी वाया घालवतो. शिवाय रोलर व ब्रेक यांमुळे त्याचा दर पॅलेटमागे येणारा खर्च साध्या रॅकच्या अनेक पट असतो.

== मालाचा क्रम आणि मुदत ==

साठवणुकीच्या पद्धतींची विभागणी माल कोणत्या क्रमाने बाहेर येतो यावरून करतात. महाराष्ट्रातील जुन्या पेवात धान्य वरून भरत व वरूनच काढत, त्यामुळे शेवटी भरलेले आधी निघे आणि तळाचे सर्वांत जुने राही. ड्राइव्ह-इन रॅक व पुश-बॅक रॅक यांचा क्रम असाच असतो. पुश-बॅक रॅकमध्येही उतार असतो, पण भरणे व काढणे एकाच बाजूने होते. नवे पॅलेट जुन्याला चढावर मागे ढकलते आणि ते काढले की जुने पुन्हा पुढे येते. फ्लो रॅकमध्ये भरण्याची व काढण्याची तोंडे वेगळी असल्याने कामगाराने विसरायचे ठरवले तरी क्रम मोडत नाही. संगणकीय नोंदी चुकल्या तरी मार्गिकेतील रांग चुकत नाही.

तथापि हा रॅक आगमनाचा क्रम पाळतो, मुदतीचा नव्हे. खाद्यपदार्थ व औषधे यांच्या बाबतीत ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर काढणे हे खरे उद्दिष्ट असते. एकाच कारखान्यातून उत्पादनाच्या क्रमाने माल येत असेल तर दोन्ही क्रम एकच ठरतात. वितरकाच्या गोदामात मात्र आज आलेल्या खेपेची मुदत गेल्या आठवड्यातील खेपेच्या आधी संपणारी असू शकते. ती मार्गिकेत मागे गेली की पुढची सर्व पॅलेट काढल्याखेरीज हाती लागत नाही. भारतात अन्न व्यवसायांच्या परवान्यासंबंधीच्या २०११ च्या विनियमांतील चौथ्या अनुसूचीत साठ्याच्या योग्य फिरतीची अपेक्षा ठेवलेली आहे. फ्लो रॅक बसवल्याने ती आपोआप पूर्ण होते हा समज बरोबर नाही. मार्गिकेत माल घालण्यापूर्वी मुदतीची तारीख तपासावीच लागते.

== पॅलेटची प्रत ==

साध्या रॅकवर मोडकी फळी असलेले पॅलेटही चालून जाते, फ्लो रॅकवर ते अडते. पॅलेटचा तळ येथे रुळावरील चाकाचे काम करतो. तळाच्या पट्ट्या मार्गिकेच्या दिशेने जात असतील तर प्रवास सुरळीत होतो, आडव्या असतील तर प्रत्येक पट्टी रोलरवर आपटत जाते. युरोपीय पॅलेटच्या तळाशी १२०० मिमी लांबीच्या तीन उभ्या पट्ट्या असल्याने ते लांबीच्या दिशेने सोडतात. वर आलेला खिळा, निखळलेली फळी, लोंबणारे प्लॅस्टिकचे वेष्टन यांपैकी काहीही पॅलेट थांबवण्यास पुरेसे असते.

वजनातील फरकही तितकाच त्रासदायक ठरतो. उतार व ब्रेक एका ठरावीक वजनाच्या पल्ल्यासाठी जुळवलेले असतात. त्यापेक्षा फार हलके पॅलेट वाटेतच थबकते व फार जड पॅलेट अपेक्षेहून वेगाने येते. म्हणून पुरवठादाराकडून आलेला माल गोदामाच्या स्वतःच्या, तपासलेल्या पॅलेटवर पालटून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. भारतात निरनिराळ्या मापांची व अनेकदा दुरुस्त केलेली लाकडी पॅलेट वापरात असतात आणि पॅलेटशिवाय हाताने थप्पी लावण्याची पद्धतही अद्याप व्यापक आहे. त्यामुळे येथे हा पालट बहुधा अपरिहार्य ठरतो व त्याचा खर्च रॅकच्या किमतीत धरावा लागतो.

शीतगृहांत फ्लो रॅकचे आकर्षण मोठे आहे, कारण थंड ठेवलेल्या प्रत्येक घनमीटरचे वीजबिल भरावे लागते आणि रस्त्यांची रिकामी हवाही थंड करावी लागते. मात्र उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास साधे वंगण घट्ट होते, रोलरवर दव गोठते आणि ओलावलेले लाकूड वाकते. तेथे कमी तापमानासाठीचे वंगण वापरतात व त्याच तापमानात चाचणी घेऊन उतार निश्चित करतात. बाहेर उन्हात सुरळीत धावलेली मार्गिका आत चालेलच असे नाही.

== अपघात व देखभाल ==

या रॅकवरील सर्वांत धोकादायक प्रसंग म्हणजे मध्येच अडकलेले पॅलेट. पुढची घरे रिकामी होतात, मागे माल साचतो आणि चालकाला घाई असते. अशा वेळी मागून दुसऱ्या पॅलेटने ढकलणे किंवा कोणी रोलरवरून आत चालत जाऊन हाताने सोडवणे हे दोन्ही मोह जीवघेणे ठरू शकतात. अडकलेले पॅलेट अचानक सुटते आणि त्यामागची रांगही त्याच्याबरोबर येते. रोलरवर पाय ठरत नाही व पळायला जागा नसते. योग्य पद्धतीनुसार त्या मार्गिकेची दोन्ही तोंडे वाहनांसाठी बंद करतात, मागची पॅलेट भरण्याच्या बाजूने काढून भार कमी करतात आणि मगच प्रशिक्षित व्यक्ती सुरक्षित वाटेने आत जाते. काही रॅकमध्ये यासाठी मार्गिकांच्या मध्ये अरुंद पायवाट ठेवतात. जागा वाचवण्याच्या हिशेबात हीच पायवाट सर्वांत आधी कापली जाते.

फोर्कलिफ्टची धडक बसून खांब वाकणे हा सर्वच पोलादी रॅकना समान धोका आहे. एक खांब बसला की त्यावरील तुळया शेजारच्या खांबांना ओढतात आणि पडझड रांगेने पसरते. २०१६ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात हिनस्टॉक येथे चीजच्या गोदामातील रॅक कोसळून एक फोर्कलिफ्ट चालक मालाखाली गाडला गेला. सुमारे आठ तासांनी त्याला जिवंत बाहेर काढण्यात आले. फ्लो रॅकमध्ये वाहने फक्त दोन टोकांशी येतात, म्हणून आतील खांबांना धडक बसत नाही. परंतु याच कारणाने आतील भाग कोणाच्या नजरेसही पडत नाही.

ईएन १५६३५ या युरोपीय मानकानुसार गोदामात रॅकच्या सुरक्षिततेसाठी जबाबदार व्यक्ती नेमावी लागते आणि तज्ज्ञाकडून होणाऱ्या दोन तपासण्यांमध्ये बारा महिन्यांपेक्षा अधिक अंतर असू नये. वाकलेल्या खांबावर एक मीटरची सरळ पट्टी धरून फट मोजतात. तुळईच्या दिशेने ५ मिमी, चौकटीच्या दिशेने ३ मिमी आणि आधारपट्टीत १० मिमी ही हिरव्या वर्गाची मर्यादा आहे. फट याच्या दुपटीहून अधिक भरल्यास तो भाग लाल वर्गात मोडतो व तत्काळ रिकामा करावा लागतो. फ्लो रॅकसाठी याखेरीज ब्रेक रोलरची झीज, विभाजकाची हालचाल व अडसराचे बोल्ट यांची तपासणी आवश्यक असते.

== संबंधित प्रकार ==

हेच तत्त्व लहान प्रमाणावर खोक्यांसाठी वापरलेल्या मांडणीस कार्टन फ्लो रॅक म्हणतात. जुळणीच्या कारखान्यांत सुटे भाग कामगाराच्या हाताशी आणण्यासाठी तिचा उपयोग होतो. सुपरमार्केटमधील शीतकपाटात एक बाटली काढताच मागची पुढे येते, तीही याच घराण्यातली रचना. खोल साठवणुकीसाठी अलीकडे बॅटरीवर चालणाऱ्या पॅलेट शटलचा पर्याय उपलब्ध झाला आहे. शटल सपाट रुळांवर धावते, त्यामुळे उताराची उंची वाचते, वेगवेगळ्या वजनांचा प्रश्न सौम्य होतो आणि वीज बंद केली की माल जागच्या जागी थांबतो. त्याबदल्यात बॅटरी चार्ज करणे, विद्युत यंत्रणेची देखभाल आणि शटल एका मार्गिकेतून दुसऱ्या मार्गिकेत हलवण्यात जाणारा वेळ पत्करावा लागतो.