पंधराशे तास

संपादक मंडळाने या वेळी प्रत्येकाला आपापल्या व्यवसायाचा इतिहास लिहायला सांगितलं आहे. बँकेतले, साखर कारखान्यातले, वकिली करणारे वर्गमित्र लिहितील, तसं मीही लिहिते. मी अमेरिकेत, टेक्सस राज्यातल्या ह्यूस्टनमध्ये परवानाधारक कॉस्मेटॉलॉजिस्ट आहे. आई गावात ‘तिचं पार्लर आहे’ एवढंच सांगते, आणि ते खरंच आहे. पण हा परवाना काय असतो आणि कुठून आला, ही गोष्ट आपल्या बॅचला सांगण्यासारखी आहे.

आपल्याकडे पार्लर काढायचं तर गाळा, आरसा आणि फार तर गुमास्ता लागतो. गुमास्ता दुकानाचा असतो, हाताचा नाही. अमेरिकेत परवाना हाताला लागतो. मी २००६ साली तिथल्या एका ब्यूटी स्कूलमध्ये नाव घातलं, तेव्हा टेक्ससमध्ये त्यासाठी १,५०० तास भरावे लागत. वर्षं नव्हे, तास. येता-जाता यंत्रावर बोट टेकवायचं आणि मिनिटं मोजली जायची. आपल्या बाई पावसाळ्यात नदीपलीकडच्या मुलांना उशीर माफ करत. तिथे बर्फ पडला तरी बुडालेला तास भरूनच द्यावा लागे.

ही तासांची पद्धत न्हाव्यांपासून आली. परवान्याचा पहिला कायदा १८९७ मध्ये मिनेसोटा राज्याने केला. एका वस्तऱ्याने आणि एका टॉवेलने दहा जणांची दाढी झाली की चामडीचे रोग पसरत, ही खरी भीती त्यामागे होती. पण दुसरंही कारण होतं. ए. बी. मोलर यांनी १८९३ मध्ये शिकागोत न्हाव्यांची शाळा काढली होती आणि अशा शाळांतून थोड्या आठवड्यांत शिकून बाहेर पडणारी मुलं संघटनेतल्या जुन्या कारागिरांना नको होती. रोगाला कुंपण घालताना माणसांनाही घातलं गेलं. पुढे १९२०च्या दशकात बॉब कटची लाट आली, बायका केस कापायला न्हाव्यांच्या दुकानात शिरू लागल्या आणि बायकांचे केस कुणी कापायचे यावरून भांडणं लागली. त्यातून राज्याराज्यांत कॉस्मेटॉलॉजीचे वेगळे कायदे झाले. टेक्ससचा १९३५ सालचा.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती मॅडम सी. जे. वॉकर. मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म १८६७, लुइझियानात. तिचे आईवडील गुलामगिरीत राबलेले होते. ती स्वतः कित्येक वर्षं लोकांचे कपडे धूत असे. केस गळू लागले म्हणून औषधं शोधता शोधता तिने केसांच्या मलमाचा धंदा उभा केला आणि १९०८ मध्ये पिट्सबर्गला, मुलीच्या नावाने, लेलिया कॉलेज काढलं. ज्या काळी कृष्णवर्णीय बाईला गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी किंवा शेतमजुरी याखेरीज फारसं काही मिळत नव्हतं, त्या काळी तिथून शिकून बाहेर पडलेली बाई स्वतःच्या कमाईवर उभी राहायची. वॉकरच्या आधीपासून याच धंद्यात असलेल्या ॲनी मलोन यांनी १९१८ मध्ये सेंट लुईसला पोरो कॉलेजची मोठी इमारत बांधली. वॉकर कंपनीत वाढलेल्या मार्जोरी जॉयनर यांना १९२८ मध्ये केस कुरळे करण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. आमच्या जाडजूड पाठ्यपुस्तकात वॉकरबाईंना थोडीशीच जागा होती. मी त्यावर पेन्सिलीने रेघ ओढली होती.

माझ्या वर्गात मेक्सिकन होत्या, नायजेरियन होत्या, दोन व्हिएतनामी बहिणी होत्या. व्हिएतनामी बायका नखांच्याच कामात इतक्या कशा, याचंही उत्तर इतिहासात आहे. १९७५ मध्ये सायगाव पडल्यावर कॅलिफोर्नियातल्या एका निर्वासित छावणीत हॉलिवूडची नटी टिप्पी हेड्रन मदतीला जात असे. तिथल्या बायकांना तिची रंगवलेली नखं आवडली. तिने जवळच्या ब्यूटी स्कूलशी बोलून विसेक जणींना मॅनिक्युअर शिकवण्याची सोय केली. नखांच्या परवान्याला तास कमी लागत आणि गिऱ्हाइकाशी इंग्रजीही फार बोलावं लागत नसे. मग एकीने दुसरीला शिकवलं, आणि धंदाच त्यांचा झाला.

पंधराशे तासांत आम्ही कलर, पर्म, कटिंग, फेशियल सगळं केलं. आधी प्लॅस्टिकच्या डोक्यांवर, मग पैसे देऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांवर. पैसे संस्थेला जात, आणि वर फीही आम्हीच भरत होतो. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. मात्र दोरा, म्हणजे थ्रेडिंग, पंधराशेपैकी एका तासातही आलं नाही. ते मी दहावीनंतरच्या सुट्टीत, एसटी स्टँडामागच्या काकूंच्या पार्लरमध्ये शिकले होते. रिळाचा सुती दोरा, एक टोक दातात, आणि सराव स्वतःच्या पायावर. ह्यूस्टनमध्ये माझी निम्मी कमाई काकूंनी शिकवलेल्या त्या कामातून आली.

म्हणून पटेल खटल्याची बातमी मी वर्षानुवर्षं वाचत राहिले. आशिष पटेल आणि आणखी काही थ्रेडिंगवाल्यांवर राज्याच्या परवाना खात्याने कारवाई सुरू केली होती. नुसत्या भुवया कोरायच्या तरी ७५० तासांचा परवाना हवा, असं खात्याचं म्हणणं. खालच्या दोन्ही न्यायालयांत हे लोक हरले. २६ जून २०१५ रोजी टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. ७५०पैकी तब्बल ३२० तासांचा दोऱ्याच्या कामाशी संबंधच नाही, अशी सक्ती राज्यघटनेत बसत नाही, असं न्यायालय म्हणालं. विरोधातल्या न्यायमूर्तींचं म्हणणं असं की, कायदा शहाणपणाचा आहे की नाही, हे न्यायालयाने ठरवायचं नसतं.

‘तू पंधराशे तास भरलेस, यांना फुकट कसं?’ असं मला तेव्हा कितीतरी जणींनी विचारलं. मला तसं वाटलं नाही. माझ्या तासांतले कामाचे किती, हे मला चांगलं माहीत होतं. पण अवजारं निर्जंतुक करणं, डोळ्याला किंवा त्वचेला संसर्ग दिसला तर गिऱ्हाइकाला हात न लावता परत पाठवणं, हे त्या शाळेने हाडात भिनवलं. काकूंकडे हे नव्हतं. तो भाग कुणी काढू म्हणाला तर मी भांडेन.

टेक्ससने पुढे पूर्ण परवान्याचे तास १,५००वरून १,००० केले. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून १,६००चे १,००० केले. माझ्या दुकानात सध्या नांदेडकडची एक मुलगी फक्त दोऱ्याचं काम करते. परवान्याशिवाय, रीतसर. दोरा तिला येतोच. पहिल्या आठवड्यात मी तिला एवढंच शिकवलं, की प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा दोरा घ्यायचा, आणि टोक दातात नाही, मानेभोवती अडकवायचं.