सार्वजनिक : तळ्याची आणि फोटोची एकच कुळकथा

ओंजळीत पाणी घेतलेले बाबासाहेब आणि मागे लोकांची रांग, हे महाडच्या चवदार तळ्याचे दृश्य महाराष्ट्रात घराघरांत, विहारांत, कॅलेंडरांवर आहे. ते इतके ओळखीचे झाले आहे, की पुष्कळांना तो 1927 चा फोटोच वाटतो. वास्तविक ते चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी मागाहून घडवलेले रूप. त्या काळचे खरे फोटो शोधायला निघाले की पहिला प्रश्न आडवा येतो, तो मालकीचा. महाडात तळ्याबद्दलही हाच प्रश्न कोर्टापर्यंत गेला होता. दोन्हीकडचे उत्तर एकाच शब्दात आहे : सार्वजनिक.

'सर्वजन'पासून झालेला हा शब्द घडणीने संस्कृत, पण मराठीत त्याला वजन आले एकोणिसाव्या शतकात. 1870 मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली आणि गणेश वासुदेव जोशी लोकांचे 'सार्वजनिक काका' झाले. 1891 मध्ये जोतीराव फुल्यांचे सार्वजनिक सत्यधर्माचे पुस्तक त्यांच्या पश्चात छापले गेले. 1893 पासून गणपतीही सार्वजनिक झाला. शब्द पसरला, 'सर्व'मध्ये कोण कोण मोजायचे, हे मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवले. फुल्यांनी 1868 मध्येच घरचा हौद अस्पृश्यांना खुला करून आपली मोजणी सांगून टाकली होती. गावोगावच्या पाणवठ्यांची मोजणी वेगळी होती.

4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला : सरकारी पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे कागदावर सार्वजनिक झाले आणि काठावर काहीच बदलले नाही. मार्च 1927 मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरली, तेव्हा जमलेल्या लोकांसाठी 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. भरलेले तळे गावातच होते.

20 मार्चला परिषदेतले लोक रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यावर त्यांना मारहाण झाली, मग तळ्यात पंचगव्य ओतून 'शुद्धी' झाली. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, 4 ऑगस्ट 1927 ला, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रहाची दुसरी परिषद भरायच्या आधीच गावातल्या सवर्णांचा दिवाणी दावा दाखल होऊन मनाई हुकूम निघाला.

दाव्यातली मूळ मागणी मालकीची होती : तळे आमचे, वापर फक्त आमचा. ती टिकली नाही. तळे नगरपालिकेचेच, हे खालच्या कोर्टांत ठरले आणि उच्च न्यायालयात वादींनी तो मुद्दा धरूनही ठेवला नाही. उरली वहिवाट. अस्पृश्य इथे कधी पाणी भरत नव्हते, म्हणून त्यांना अडवण्याचा आम्हाला हक्क, असा तो युक्तिवाद. 17 मार्च 1937 रोजी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांनी तो फेटाळला. अशी अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही, असे म्हटले. एका ओंजळीवरचा निकाल यायला जवळजवळ दहा वर्षे लागली.

आता फोटोकडे या. आपला कॉपीराइट कायदा 21 जानेवारी 1958 ला लागू झाला. त्याआधीच्या फोटोंना जुन्या कायद्याने मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून 50 वर्षांचे संरक्षण होते. म्हणजे 1927 साली महाडात कुणी कॅमेऱ्याची कळ दाबली असेल, तर त्या फोटोवरचा हक्क 1977 मध्येच संपला. तो कुणीही छापावा, पुस्तकात घालावा, शाळेच्या भिंतीवर लावावा. परवानगी मागायचे कारण नाही. मराठीत अशा वस्तूला 'प्रताधिकारमुक्त' म्हणतात, म्हणजे पुन्हा सार्वजनिकच.

पण 1924 चे तळे जसे ठरावात मुक्त होते, तसाच हा फोटोही कायद्यात मुक्त असतो आणि कुणाच्या तरी कपाटात बंद असतो. हक्क संपला म्हणून पेटीचे कुलूप उघडत नाही. शिवाय महाडात पेटीचा भरवसा कमीच. 2021 च्या जुलैत पुराचे पाणी बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले होते. कागदी फोटोला तसा एक पूर पुरे.

म्हणून महाड-पोलादपूरकडच्या, किंवा तिथून मुंबईला गेलेल्या घरांना एक विनंती. आजोबांच्या ट्रंकेत परिषदेचे, तळ्याचे, जुन्या वाटांचे फोटो असतील तर ते बाहेर काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाठीमागे पेन्सिलीने साल, ठिकाण आणि ओळखू येतील ती नावे लिहा. चांगले स्कॅन करून एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. मूळ फोटो तुमच्याच घरी राहू द्या.