पाणी, पोलाद आणि वस्तरा

तुळजाभवानी ज्यांची कुलस्वामिनी, अशी असंख्य घराणी लेकराचे जावळ काढायला तुळजापूर गाठतात. मूल मामाच्या मांडीवर बसते, कोमट पाण्याने डोके भिजवले जाते आणि वस्तरा कपाळाकडून मागे सरकू लागतो. टाळू अजून पुरती भरलेली नसते, लेकरू सारखी मान हलवत असते. सरावलेला हात अशा वेळी डाव्या अंगठ्याने कातडी हलकेच ताणून धरतो आणि उजव्या हातातला वस्तरा जवळजवळ आडवा ठेवून फिरवतो. इतक्या नाजूक कामाला लागणारे हे हत्यार फार किमती नसते. वस्तऱ्याचा गुण पोलादात, पाण्यात आणि हातात असतो. म्हणूनच तो शतकानुशतके साध्या माणसाच्या आवाक्यात राहिला. तो कुठून कुठून फिरत इथवर आला, हे आपण जरा सावकाश पाहू.

आपल्याकडची सर्वांत जुनी खूण अथर्ववेदात सापडते. सहाव्या कांडातले ६८ वे सूक्त क्षौराचे आहे. त्यात सविता वस्तरा घेऊन येतो आणि वायूला ऊन पाणी घेऊन येण्याची विनवणी केली जाते. दाढीचे केस आधी भिजवायचे आणि मग काढायचे, हा क्रमही तिथे स्पष्ट आहे. साबणाचा मागमूस नसताना ऊन पाण्याचे मोल त्या सूक्तकर्त्याला नेमके कळले होते. पुढे आश्वलायन गृह्यसूत्राने चौल संस्कार तिसऱ्या वर्षी सांगितला. आजचे जावळ त्याच वाटेवरचे आहे. फक्त मंत्र मागे पडले आणि कुलदैवत पुढे आले.

मध्ययुगात आलो की आपल्याला संत सेना न्हावी भेटतात. आरसा, चिमटा ही धोकटीतली अवजारे त्यांच्या अभंगात विवेक आणि वैराग्य होऊन येतात. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबातही सैण या नावाने एक पद आहे. धोकटी बगलेत मारून दारोदार जाणाऱ्या माणसाच्या व्यवसायाला इतकी उंची लाभावी, ही आपल्या परंपरेतली मोठीच गोष्ट म्हटली पाहिजे. गावगाड्यात हा न्हावी बलुतेदार होता. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात ही सारी व्यवस्था तपशिलाने आली आहे. सुगीला खळ्यावरून धान्य मिळायचे आणि त्या बदल्यात वर्षभर घरोघरी हजामत व्हायची. एक वस्तरा अनेक उंबऱ्यांना पुरायचा. मात्र या स्वस्ताईचा बराचसा भार न्हाव्याच्या श्रमावर आणि जातीच्या उतरंडीतल्या त्याच्या जागेवर पडत होता, हेही विसरता येत नाही.

आता पोलादाकडे वळू, कारण या कथेतला एक विसरलेला धागा निजामाच्या मुलखातून जातो. तुळजापूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्याच संस्थानाच्या तेलंगण भागात, कोनासमुद्रमसारख्या गावांत, मातीच्या मुशीत लोखंड आणि वनस्पतींचा भाग बंद करून वुट्झ नावाचे पोलाद बनत असे. ते न्यायला इराणी व्यापारी येत. १७९४ मध्ये मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी वुट्झचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. तिथे जेम्स स्टोडार्ट या हत्यारे घडवणाऱ्या कारागिराने ते ठोकून पाहिले आणि धारेसाठी त्याची वाखाणणी केली. पुढे याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरेडे यांनी पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. १८२० मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. विजेच्या शोधांनी अजरामर झालेले फॅरेडे स्वतः बनवलेल्या पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट देत असत. आपल्या मुशीतल्या पोलादाने युरोपातल्या विज्ञानाला असे कामाला लावले होते.

पण बाजार जिंकला तो इंग्लंडमधल्या शेफिल्डने. तिथे बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या सुमारास मुशीतले ओतीव पोलाद साधले होते आणि नंतर कारखान्यांनी त्याचे ढीग लावले. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारागिरांनी पात्याच्या दोन्ही बाजू पोखरून ते पातळ केले. त्याआधीचा वस्तरा पाचरीसारखा भरीव असे. तरी दोन्हींत एक समान हिकमत आहे. धारेच्या दगडावर वस्तरा ठेवला की त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, त्यामुळे धारेचा कोन आपोआप ठरतो. चाकूला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. इथे तो पात्याच्या घडणीतच आहे. मग चामड्याच्या पट्ट्यावर पाठीकडून पाते ओढायचे, टोकाशी पाठीवरून उलटवायचे आणि परत आणायचे. स्वस्त वस्तरा महागाशी बरोबरी करू शकतो तो या घडणीमुळे. अट एकच, पोलाद कडक आणि नीट पाणी दिलेले हवे. वस्तऱ्यासारखी नुसती दिसणारी, मऊ पोलादाची चकचकीत पातीही बाजारात मिळतात. ती धार धरत नाहीत आणि तो स्वस्तपणा फुकाचा.

वस्तऱ्याच्या इतिहासात एक क्षण असा आहे की तो वस्तरा चालला म्हणून नव्हे, थांबला म्हणून लक्षात ठेवावा. १८९० च्या सुमारास मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. त्यामागे सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे होते. ज्यांच्या हातात हत्यार होते त्यांनीच ते अन्यायासाठी उचलायला नकार दिला. मला हा या साऱ्या प्रवासातला सर्वांत उजळ टप्पा वाटतो.

साबण आपल्याकडे उशिरा आला. लिव्हर कंपनीच्या सनलाइटच्या पेट्या कलकत्त्याला उतरल्या त्या १८८८ मध्ये. पहिले महायुद्ध संपता संपता आर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांची चरबी टाळून वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला. दाढीचा साबण घडतो तो मुख्यतः स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशच्या बळावर. त्यामुळे फेस दाट राहतो आणि लवकर बसत नाही. हा कच्चा माल महाग नाही, म्हणून साधी गोल टिकडीही आपले काम चोख करते. फेसाचे खरे काम पाणी केसापाशी धरून ठेवण्याचे. दोन-तीन मिनिटे भिजलेला केस फुगतो, मऊ होतो आणि कापायला कितीतरी कमी जोर लागतो.

दरम्यान अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांनी फेकून देण्याजोगे पाते काढले. १९०३ मध्ये त्यांची दाढीची ५१ यंत्रे विकली गेली. पुढच्याच वर्षी ९०,००० च्या वर. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी सुमारे ३५ लाख यंत्रे घेतली गेली आणि घरी दाढी करण्याची सवय सैनिकांबरोबर गावोगाव पोचली. भारतातही ब्लेडचे कारखाने निघाले. १९८६ मध्ये देशात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले. एकाच पात्यातून लागण होईल या धास्तीने त्यानंतर न्हाव्याच्या हातातले अखंड पाते मागे पडत गेले. त्याची जागा घेतली ब्लेडच्या वस्तऱ्याने: मूठ तीच, धार मात्र दर गिऱ्हाईकाला नवी.

आज तुळजापूरच्या सलूनमध्ये आपण बसलो की न्हावी कागदातले ब्लेड मधोमध मोडतो, अर्धे वस्तऱ्यात सरकवतो, दाढी झाली की तुरटी फिरवतो. हीच सोय घरीही फार थोड्या खर्चात होते. ज्याला अखंड पात्याची हौस आहे त्याने नव्या शोभिवंत वस्तऱ्यापेक्षा जुना, कार्बन पोलादाचा, गंजाने न खाल्लेला वस्तरा शोधावा आणि जाणत्याकडून एकदा धार लावून घ्यावी. नंतर रोज पट्टा आणि दाढीनंतर कोरडे पुसणे, एवढे सांभाळले तर तो पुढच्या पिढीलाही पुरतो. साबण स्वस्तातला चालेल. ब्रश ऊन पाण्यात भिजवावा, फेस कोरडा पडू लागला की पुन्हा थोडे पाणी घ्यावे. महागड्या डबीतला फेसही पाण्यावाचून असाच सुकतो.