पडद्याआडचा पंच : संगणकातील शत्रूने किती बलवान असावे?

१/१०
मार्च २००६. ‘द एल्डर स्क्रोल्स : ऑब्लिव्हियन’ हा रोल-प्लेइंग गेम बाजारात आला आणि खेळाडूंना त्यात एक विलक्षण दरोडेखोर भेटू लागला. थोड्याशा नाण्यांसाठी तो वाट अडवी. अंगावर मात्र त्या जगातले अत्यंत मौल्यवान असे काचेचे चिलखत! ते विकले असते तर त्याला पुढे वाटमारी करावीच लागली नसती. तो असा नटला कसा, हे समजण्यासाठी सुमारे दोनशे वर्षे मागे जावे लागते.

२/१०
१८२४. प्रशियाच्या लष्करातील तरुण अधिकारी राइस्वित्स याने नकाशा, ठोकळे आणि फासे यांवर खेळायच्या ‘क्रीग्सश्पील’ या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. दोन्ही पक्ष आपल्या आज्ञा पंचाकडे देत. कोणाची किती हानी झाली हे तो तक्ते पाहून सांगे. हे तक्ते पुढे जाचक वाटू लागले. १८७६ मध्ये फेर्दी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने सुचवले, की तक्ते दूर ठेवावेत आणि अनुभवी पंचाच्या विवेकावर विसंबावे.

३/१०
हाच पंच १९७४ मध्ये अमेरिकेत नव्या रूपात अवतरला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे दोघेही युद्धखेळांच्या छंदातूनच आलेले. त्यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये सर्व राक्षसांच्या वतीने खेळणारा एक सूत्रधार असे. शत्रूची बुद्धी म्हणजे त्याचीच बुद्धी. खेळाडू जेरीस आले, तर तो राक्षसाला पळ काढायला लावू शके किंवा वाटाघाटीला बसवू शके. समोरच्या चेहऱ्यांवरची धास्ती त्याला दिसत असे.

४/१०
संगणकाला चेहरे दिसत नव्हते. ‘रोग’ (१९८०) आणि ‘विझर्ड्री’ (१९८१) या खेळांनी यावर साधा तोडगा काढला : जितके खोल, तितके कठीण. ‘विझर्ड्री’च्या भुयाराला दहा मजले होते. इथे दयामाया नव्हती. मेलेले पात्र कायमचे गमावण्याची वेळही येई. तरीही तो खेळ अन्यायी वाटत नसे, कारण पुढचा जिना उतरायचा की माघारी फिरायचे, हा निर्णय खेळाडूचा होता.

५/१०
१९८६ मध्ये जपानच्या युजी होरी यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये ही कठोरता सौम्य केली. नायक पडला की तो राजासमोर पुन्हा उभा राही. अर्धे सोने जाई, पण मिळवलेला अनुभव शाबूत राही. पूल ओलांडला की शत्रू बळावत, म्हणजे धोक्याची सीमा नकाशावरच आखलेली. कौशल्य कमी असले तरी चिकाटीच्या बळावर शेवट गाठता येई. मात्र फार चिकाटी दाखवली, की शत्रू पाचोळ्यासारखे उडून जात.

६/१०
त्यावर उपाय निघाला : शत्रूलाही खेळाडूबरोबर वाढू द्यावे. ‘फायनल फँटसी ८’ने (१९९९) हे केले होते. ‘ऑब्लिव्हियन’ची अडचण आणखी मोठी होती. तिथे पहिल्या तासापासून कुठेही जाण्याची मुभा असल्याने कोणता खेळाडू कोठे, किती बळ घेऊन पोहोचेल, हे रचनाकारांना सांगता येत नव्हते. म्हणून शत्रूंचे बळ आणि त्यांची शस्त्रे खेळाडूच्या पातळीशी बांधली गेली. नायक वर चढला, तसा दरोडेखोरही सजला. काचेच्या चिलखताचे रहस्य ते हेच.

७/१०
परिणाम उलटा झाला. संभाषण किंवा व्यापार यांसारख्या कौशल्यांतून पातळी वाढवणाऱ्याला तलवार तितकीच बोथट राहून शत्रू मात्र तगडे झालेले आढळत. प्रगती हीच शिक्षा ठरली. पातळी झोपल्यावरच वाढत असे. त्यामुळे काही खेळाडूंनी आपल्या नायकाला झोपू देणेच टाळले! काठिण्यपातळी बदलण्याची पट्टी होती, पण ती केवळ घावांचे आकडे बदले. शत्रू अधिक चिवट होई. अधिक चतुर नव्हे.

८/१०
पंचाची नजर यंत्राला देण्याचा एक लक्षणीय प्रयत्न शेजारच्या प्रांतात झाला. ‘लेफ्ट फोर डेड’ (२००८) या नेमबाजीच्या खेळात एक ‘दिग्दर्शक’ प्रणाली होती. खेळाडूंवर किती ताण आला आहे, याचा ती सतत अंदाज घेई. ताण शिगेला पोहोचला की ती हल्ले आवरे आणि उसंत देऊन पुन्हा लोंढा सोडी. सूत्रधाराची ती जुनी दयाबुद्धी आता गणिताच्या रूपात परतली होती.

९/१०
हिदेताका मियाझाकी यांच्या ‘डीमन्स सोल्स’ने (२००९) दुसरी वाट धरली. शत्रू ठरल्या जागी, ठरल्या बळाचा. वार करण्यापूर्वी त्याचा पवित्रा दिसे आणि तो वाचायला शिकणे हाच खरा सराव. मरण वारंवार येई, पण त्याचे कारण बहुधा कळे. इकडे ‘ऑब्लिव्हियन’च्याच निर्मात्यांनी ‘स्कायरिम’मध्ये (२०११) अनेक ठिकाणांच्या काठिण्याला किमान-कमाल मर्यादा घातल्या. शत्रू वाढत, पण बेबंद नव्हे.

१०/१०
‘एल्डन रिंग’च्या (२०२२) आरंभीच, मोकळ्या माळावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फिरत असतो. नवखा त्याच्यावर चालून जातो आणि क्षणात मरतो. मग तो वळसा घालतो, इतरत्र भटकतो, शिकतो, बळावतो आणि परत येतो. घोडेस्वार तसाच असतो. बदललेला असतो तो खेळाडू. काचेच्या चिलखतातल्या दरोडेखोराने नेमका हाच आनंद हिरावून घेतला होता. आपण किती वाढलो हे पाहायचे, तर वाटेतला एखादा तरी दगड जागचा हलता कामा नये.