कुरुंदापासून हिऱ्यापर्यंत : पाषाणाची कड घडविणारी हत्यारे

पाषाण घडविण्याची कला आपल्या देशात अतिप्राचीन आहे. जैन शिल्पांपुरते पाहिले तरी तिची विविधता ध्यानात येते. वेरूळची जैन लेणी काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत. श्रवणबेळगोळ येथील सुमारे ५७ फूट उंचीची, इ. स. ९८१ च्या सुमाराची बाहुबली मूर्ती ग्रॅनाइटची आहे. आबूच्या दिलवाडा येथील विमलवसही (१०३१) व लूणवसही (१२३०) ही मंदिरे संगमरवरी आहेत. पाषाण निराळा, म्हणून घडणही निराळी. हत्याराची निवड दगडाची जात पाहूनच करावी, हा नियम आजच्या फरशीच्या कडेलाही तितकाच लागू आहे.

१८१२ मध्ये फ्रीडरिश मोह्‌स याने खनिजांच्या कठिणतेची श्रेणी मांडली. तीनुसार संगमरवर सुमारे ३, वाळूतील स्फटिक ७, कुरुंद ९ आणि हिरा १० अशी क्रमवारी लागते. छिन्नी-हातोड्याने काढलेली संगमरवराची कड वाळू व पाणी घालून घासता येते. ६ ते ७ कठिणतेच्या ग्रॅनाइटला वाळू पुरत नाही, तेथे कुरुंद लागतो. त्याचे इंग्रजी नावही दक्षिण भारतीय भाषांतूनच गेलेले आहे.

१८९१ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड अ‍ॅचिसन यांना कृत्रिम हिऱ्याच्या प्रयत्नात कार्बोरंडम गवसले. पुढे फरश्या घासण्यासाठी त्याचेच दगड सर्वत्र रूढ झाले. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला आणि कालांतराने हिऱ्याची पाती व पॉलिशच्या चकत्या सामान्य कारागिराच्या हाती आल्या.

शहाबादी वा कोटा फरशी चुनखडीची असल्याने तिची कड गोल करण्यास कार्बोरंडमचा दगड पुरतो. ग्रॅनाइटला हिराच हवा. मात्र हिऱ्याची पातीही एकसारखी नसतात. कठीण ग्रॅनाइटसाठी हिरकण्या धरून ठेवणारा धातू मऊ असावा लागतो; तो झिजला की बोथट कण गळतात व नवे धारदार कण वर येतात. रवाळ वालुकाश्मासाठी तो धातू कठीण असावा, अन्यथा पाते लवकर संपते. पॉलिश करताना ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० या क्रमाने चकत्या वापराव्यात. मधली पायरी गाळली, तर आधीचे ओरखडे झिलईखाली तसेच राहतात. वालुकाश्म आरशासारखा चमकत नाही; त्यामागे श्रम दवडू नयेत. जिन्याच्या पायरीची कड गोल करावी, परंतु पाऊल पडते तो भाग गुळगुळीत करू नये. वृद्धांचे पाय घसरतात.

या प्रगतीची दुसरी बाजू गंभीर आहे. हाताने घासण्याच्या पद्धतीत पाणी असे. विजेचे ग्राइंडर मात्र बहुधा कोरडेच चालविले जातात. वालुकाश्म व ग्रॅनाइट यांच्या सूक्ष्म धुळीतील सिलिका फुफ्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरे करणारा उपचार नाही. आबू ज्या सिरोही जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील पिंडवाडा परिसरात देशोदेशींच्या मंदिरांचे दगड घडविले जातात आणि तेथील अनेक कारागीर या व्याधीने ग्रस्त झाले आहेत. राजस्थान शासनाने २०१९ मध्ये या व्याधीसंबंधी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

अहिंसा परमधर्म मानणाऱ्या समाजाच्या वास्तूसाठी कोणाचा श्वास खर्ची पडू नये. पाण्याची जोड असलेले यंत्र धूळ दाबते, हिऱ्याची चकती तापू देत नाही आणि झिलईही चांगली आणते. म्हणून मंदिराचे वा धर्मशाळेचे काम देताना दराबरोबरच ओली घासाई, विजेच्या धक्क्यापासून संरक्षण देणारा स्विच व योग्य मुखपट्टी या तीन अटी करारात लिहून घ्याव्यात आणि त्यांचा खर्च संस्थेने सोसावा.