खेड लोकसभा मतदारसंघ गेला कुठे? आणि वढू बुद्रुक 'शिरूर'मध्ये आलं कसं?

लोकसभेची निवडणूक आली की पुणे जिल्ह्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. पूर्वीचा खेड मतदारसंघ म्हणजेच आताचा शिरूर, फक्त नाव बदललं. ऐकायला बरोबर वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे.

छत्रपती संभाजी महाराजांची समाधी असलेलं वढू बुद्रुक हे भीमेकाठचं गाव शिरूर तालुक्यात येतं. आज इथले लोक शिरूरच्या खासदारासाठी मत देतात. पण २००४ च्या लोकसभेला शिरूर तालुक्याचं मत खेडला गेलंच नव्हतं, ते गेलं होतं बारामतीला. म्हणजे जो तालुका खेडमध्ये नव्हता, त्याचंच नाव खेडच्या जागी आलेल्या मतदारसंघाला मिळालं.

हे कसं झालं, त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

खेड म्हणजे राजगुरुनगर. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचं जन्मगाव. रत्नागिरीतलं खेड वेगळं, त्याचा इथे काही संबंध नाही. गावाचं नाव राजगुरुनगर झालं तरी तालुका खेडच राहिला आणि लोकसभेची जागाही त्याच नावाने ओळखली गेली.

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत इथून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके निवडून आले. डॉ. आंबेडकरांच्या निधनाला तेव्हा काही महिनेच झाले होते. पुढे १९६२ आणि १९६७ ला काँग्रेसचे र. के. खाडिलकर जिंकले. त्या काळच्या सीमा मात्र वेगळ्या होत्या. लोकांच्या आठवणीत जो खेड मतदारसंघ आहे, तो १९७७ च्या निवडणुकीपासूनचा.

त्यात विधानसभेच्या सहा जागा होत्या. जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, मावळ, मुळशी आणि हवेली. नकाशा डोळ्यासमोर आणला तर माळशेज घाटापासून लोणावळ्यापर्यंतचा सह्याद्रीचा पट्टा आणि त्याला चिकटलेलं पिंपरी-चिंचवड. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, पुरंदर आणि भोर या सहा जागा बारामतीत होत्या. त्यामुळे शरद पवार बारामतीतून लोकसभेला उभे राहायचे, तेव्हा शिरूर तालुक्यातले लोक थेट त्यांच्यासाठी किंवा त्यांच्याविरोधात मत द्यायचे.

खेडचे खासदार पाहिले तर कुठल्याच एका तालुक्याची इथे मक्तेदारी दिसत नाही. १९७७ ला काँग्रेसचे अण्णासाहेब मगर, ज्यांनी पिंपरी-चिंचवड नगरपालिका उभी करण्यात पुढाकार घेतला होता. १९८० आणि १९८४ ला रामकृष्ण मोरे. हेच मोरे सर पुढे राज्याचे शिक्षणमंत्री झाले आणि पहिलीपासून इंग्रजीचा निर्णय त्यांच्याच काळातला. १९८९ ला जनता दलाचे किसनराव बाणखेले यांनी काँग्रेसकडून जागा खेचून घेतली. मग १९९१ ला विदुरा नवले, १९९६ ला जुन्नरचे निवृत्तीशेठ शेरकर. नवले संत तुकाराम कारखान्याचे, शेरकर विघ्नहर कारखान्याचे. साखर आणि खासदारकी यांचं नातं इथे वेगळं सांगायला नको. १९९८ ला मुळशीचे अशोक मोहोळ काँग्रेसकडून जिंकले आणि १९९९ ला राष्ट्रवादीकडून. २००४ ला शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव पाटील आले. खेडचे ते शेवटचे खासदार.

खरा बदल मात्र या काळात खासदारांपेक्षा मतदारांमध्ये होत होता. सीमा १९७१ च्या जनगणनेवर ठरलेल्या आणि २००४ पर्यंत त्याच चालू होत्या. १९७१ ला पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या लाखाच्या आसपास होती, २००१ ला ती दहा लाखांच्या पुढे गेली. हे शहर प्रामुख्याने हवेली विधानसभेत होतं. राज्यातल्या सर्वांत मोठ्या विधानसभा मतदारसंघांमध्ये हवेलीचं नाव घेतलं जायचं. कारखान्यातला कामगार आणि भोरगिरीच्या डोंगरातला शेतकरी एकाच खासदाराकडे बघत होते, पण त्यांच्या मताचं वजन सारखं राहिलं नव्हतं.

मग न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ ची जनगणना धरून सीमा नव्याने आखल्या. २००८ मध्ये त्या लागू झाल्या. राज्याच्या ४८ जागा तेवढ्याच राहिल्या, पण पुणे जिल्ह्यातल्या विधानसभेच्या जागा १८ वरून २१ झाल्या आणि खेड मतदारसंघ फुटला.

जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी या तीन जागा नव्या मतदारसंघात राहिल्या. मावळची जागा पिंपरी, चिंचवड आणि घाटाखालच्या पनवेल, कर्जत, उरणला जोडून मावळ लोकसभा तयार झाली. मुळशी ही विधानसभेची जागाच गेली, तालुका भोरमध्ये आणि तिथून बारामतीत गेला. हवेली फुटून मुख्यतः पिंपरी, चिंचवड आणि भोसरी झाले. त्यातलं भोसरी, सोबत हडपसर आणि बारामतीतून काढलेलं शिरूर, असं मिळून शिरूर लोकसभा झाली. शेजारचा दौंड मात्र बारामतीतच राहिला. भीमेच्या अल्याड एक खासदार, पल्याड दुसरा.

शिरूर तालुक्याचंही एक गंमतशीर विभाजन झालंय. पाबळकडची गावं विधानसभेला आंबेगावसोबत मत देतात, बाकीचा तालुका शिरूरसोबत. लोकसभेला पुन्हा सगळे एकत्र.

नव्या शिरूरमध्ये २००९ ला आढळराव पाटीलच जिंकले आणि २०१४ ला तर तीन लाखांहून जास्त मतांनी. २०१९ ला राष्ट्रवादीने डॉ. अमोल कोल्हे यांना उभं केलं. तेव्हा 'स्वराज्यरक्षक संभाजी' मालिकेत ते संभाजी महाराजांची भूमिका करत होते आणि महाराजांची समाधी याच मतदारसंघात, वढूला. असा योग खेडच्या जुन्या नकाशात जुळलाच नसता. कोल्हे ५८ हजारांहून जास्त मतांनी जिंकले. २०२४ ला त्यांनी पुन्हा आढळरावांनाच हरवलं. फक्त तोवर कोल्हे शरद पवारांच्या राष्ट्रवादीत होते आणि आढळराव अजित पवारांच्या.

दोन्ही वेळा प्रचारात बैलगाडा शर्यत, कांद्याचा भाव, बिबट्या आणि पुणे-नाशिक रेल्वे हे विषय गाजत राहिले. हे सगळे उत्तरेकडच्या तालुक्यांचे आणि शिरूरचे विषय. भोसरी-हडपसरच्या मतदाराला बिबट्यापेक्षा पाणी आणि ट्रॅफिक जवळचं. चाकण आणि रांजणगाव या दोन मोठ्या एमआयडीसी एकाच मतदारसंघात आल्या हा फायदा आहे. पण ज्या असमतोलामुळे खेड फुटला, तोच आता शिरूरमध्ये वाढतोय. सहापैकी दोन जागा शहरी आहेत आणि त्याच सर्वांत वेगाने फुगतायत.

ब्रिटनमध्ये हे हिशेब ठराविक वर्षांनी होतात. २०२४ च्या निवडणुकीआधी स्कॉटलंडच्या जागा ५९ वरून ५७ वर आल्या आणि कित्येक जुनी नावं गेली. भारतात मात्र कुठल्या राज्याला किती जागा हे १९७१ च्या लोकसंख्येवर गोठलेलं आहे. ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव ठेवणारी २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्तीही पुढच्या परिसीमनाशीच जोडलेली आहे. सीमा पुन्हा आखल्या गेल्या, तर शिरूर तालुका उत्तरेच्या डोंगरी तालुक्यांसोबत राहील, हडपसर-वाघोलीच्या बाजूला ओढला जाईल, की परत दौंड-बारामतीकडे जाईल, हे त्या नकाशावर ठरेल.